योगायोगाची नोंद

नौपाड्यातून रोज सकाळी ठाणे स्टेशनाकडे निघणाऱ्या गर्दीत सॉफ्टवेअर तपासणं हा ज्यांचा पेशा आहे, अशी तरुण मंडळी पुष्कळ असतात. कुणी वागळे इस्टेटची रिक्षा धरतं, कुणी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोली गाठतं. ऑफिसात पोचल्यावर यांच्यातल्या अनेकांना आधी जगात नसलेली माणसं तयार करावी लागतात. नाव, आडनाव, मोबाइल नंबर, पिनकोड, जन्मतारीख यांपैकी काहीही उचल, असं संगणकाला सांगायचं. संगणक एक माणूस उभा करतो. तो माणूस वेबसाइटवर नोंदणी करतो, लॉग-इन करतो, पैसे भरतो, तक्रार नोंदवतो आणि चाचणी संपली की पुसला जातो. टेस्टिंगवाले याला ‘रँडम टेस्ट डेटा’ म्हणतात.

काम रुक्ष दिसतं, पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्याच अध्यायात जगाचं मूळ कारण शोधताना एक यादी येते: काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, पंचमहाभूतं. या यादीत नियती आणि यदृच्छा अगदी शेजारी शेजारी आहेत. एकीच्या मते सगळं आधीच ठरलेलं, दुसरीच्या मते काहीच ठरलेलं नाही. तत्त्वज्ञांनी यांतली एक निवडावी म्हणून शतकानुशतकं वाद घातले. वेबसाइट तपासणाऱ्या स्क्रिप्टला मात्र दोघींची गरज पडते, आणि तीही एकाच वेळी.

आधी यदृच्छेची गरज. टेस्टरने स्वतःच्या मनाने माहिती भरायची ठरवली की तो नाव ‘टेस्ट’ टाकतो, आडनाव ‘टेस्ट’ टाकतो, मोबाइल नंबर सरळ चढत्या आकड्यांचा आणि पिनकोड स्वतःच्याच भागाचा, ४००६०२. अशा माहितीवर वेबसाइट छान चालते, कारण ती लिहिणाऱ्याच्या मनातही असाच माणूस होता. खरी माणसं तशी नसतात. वसईच्या डि’सोझांच्या आडनावात वर एक छोटं चिन्ह लोंबतं. ते चिन्ह नीट हाताळलं नसेल, तर डेटाबेसला वाक्य तिथेच संपलंसं वाटतं आणि व्यवहार कोसळतो. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह कुठेतरी तुटून दोन चौकोन होतो. कुणाला आडनावच नसतं. कुणाचा जन्म २९ फेब्रुवारीचा असतो. माणूस जे निवडतो ते त्याच्या सवयीतून येतं, आणि सवय तर त्याला स्वतःला दिसतही नाही. निवड आकड्यांवर सोपवणं म्हणजे आपली आवडनिवड थोडा वेळ बाजूला ठेवणं. अध्यात्मात ज्याला अहंकार सोडणं म्हणतात, त्याचा हा एक छोटा पण खरा प्रकार आहे, असं म्हणायला हरकत नाही.

सवयीबाहेरच्या माहितीच्या उपयोगाचा रोकडा पुरावा १९८८ सालचा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. वादळाच्या खरखरीमुळे त्यांच्या आज्ञांमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती, आणि त्या अक्षरांनी चांगले नावाजलेले प्रोग्रॅम बंद पडत होते. मिलर यांनी हे विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिलं: निरर्थक अक्षरांचा मारा करा आणि काय होतं ते पाहा. युनिक्सवरच्या तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी पाव ते एक तृतीयांश कोसळले. वर्षानुवर्षं हुशार माणसांनी हाताळलेले प्रोग्रॅम होते ते. माणसांच्या हुशारीला जे सापडलं नाही, ते वादळाच्या खरखरीने दाखवून दिलं.

निवड आपल्या हातातून सोडून देण्याची ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीला कौल लावून ती ठरते, मग बातमी मुंबई-ठाण्यात पोचते, आणि मगच चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात. कौलामागे देवीची इच्छा आहे असं मानणारे आहेत, न मानणारेही आहेत. दोघांना एक गोष्ट मान्य करावी लागेल: तारीख कुणा एका मानकऱ्याच्या सोयीने ठरलेली नाही, म्हणून ती सगळ्या गावाची होते.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हाच विचार १९४०च्या दशकात शेतात नेला. देशात पीक किती आलं याचा अंदाज तेव्हा बराचसा नजरेवर चाले. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीक-कापणी प्रयोगांना यदृच्छ निवडीची शिस्त लावली. गाव कोणतं, शेत कोणतं, शेताच्या कुठल्या कोपऱ्यातला तुकडा कापून धान्य तोलायचं, हे सगळं यदृच्छ आकड्यांच्या छापील तक्त्यावरून ठरे. डोलणारं पीक पाहून तिकडे वळण्याची मुभा कुणालाच नव्हती. मोजणी आणि यदृच्छा यांचं नातं जुनं आहे: महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून पानंफळं किती ते सांगतो आणि नलाला फाशांची विद्या देतो. अंदाजाने संख्या सांगणं आणि फासे जाणणं हे एकाच विद्येचे भाग असल्याचं त्या कथाकाराला ठाऊक होतं.

पण सुखात्म्यांच्या पद्धतीत एक गोष्ट कौलापेक्षा वेगळी आहे. तक्ता छापलेला असतो. कोणत्या पानावरून, कोणत्या ओळीपासून आकडे घेतले ते लिहून ठेवलं, की महिन्याभराने दुसरा अधिकारी येऊन तीच निवड पुन्हा करू शकतो. निवड कुणाच्या मर्जीची नसते आणि तरीही ती हरवत नाही.

निवडीची अशी नोंद नसणं हेच टेस्टिंगमधलं खरं दुखणं आहे. रात्री दोन वाजता स्क्रिप्ट आपोआप चालते, कुठलातरी यदृच्छ माणूस फॉर्म भरतो आणि वेबसाइट कोसळते. सकाळी टेस्टर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवतो, तर सगळं सुरळीत. कारण आजचा माणूस वेगळा आहे. काल कोण आला होता, त्याच्या नावात काय होतं, त्याचा जन्म कधीचा होता, याची नोंदच नाही. मग डेव्हलपर म्हणतो, “माझ्याकडे तर चालतंय.” दोष असतो, दिसलेलाही असतो, तरी दाखवता येत नाही. निव्वळ यदृच्छा दोष दाखवून निघून जाते, मागे काही ठेवत नाही.

यावरचा उपाय समजायला १९४९ या सालाकडे जावं लागेल. त्या वर्षी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी लॉस एंजेलिसच्या एका परिसंवादात संगणकाकडून यदृच्छ आकडे काढून घेण्याची आपली रीत मांडली. रीत शाळकरी पोरालाही जमेल अशी आहे. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले आकडे उचला, त्यांचा पुन्हा वर्ग करा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ते साल घेऊ: १८५३. त्याचा वर्ग ३४३३६०९. आठ आकडे व्हावेत म्हणून पुढे शून्य लावलं की मधले चार आकडे ४३३६. त्याचा वर्ग १८८००८९६, मधले आकडे ८००८. पुढे १२८०, मग ६३८४, मग ७५५४. रीत ठाऊक नसलेल्याला या संख्यांत काही सूत्र दिसणार नाही. ठाऊक असलेल्याला मात्र १८५३ एवढं सांगितलं की पुढचं सगळं आपसूक येतं. सुरुवातीच्या या संख्येला टेस्टर मंडळी ‘सीड’ म्हणतात. आज पायथनसारख्या भाषेत यापेक्षा कितीतरी भक्कम रीत वापरतात. ती १९९७ साली जपानमध्ये तयार झाली आणि तिची साखळी पुन्हा पहिल्यावर यायला लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या लिहायची तर सहा हजार आकडे लागतात. पण तत्त्व तेच: सीड तेच दिलं, तर तीच माणसं, त्याच क्रमाने, तीच नावं घेऊन परत येतात.

फॉन नॉयमन यांना यातली अडचण चांगलीच दिसत होती. अंकगणिताने यदृच्छ आकडे बनवू पाहणारा पापाच्या अवस्थेत आहे, अशा अर्थाचं त्यांचं विधान पुढे फार गाजलं. ते उचलताना त्याच्या पाठोपाठ त्यांनी दिलेलं कारण बहुतेक जण सोडून देतात, आणि मोल तर त्या कारणालाच आहे. यदृच्छ संख्या अशी काही वस्तूच नसते, असते ती फक्त संख्या काढण्याची रीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ७५५४ ही संख्या यदृच्छही नाही आणि ठरलेलीही नाही. ती कुठून आली हे कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, यावर तिचं रूप ठरतं.

त्याच १९४९ साली देवळालीच्या एका शाळामास्तरांनी चार आकडी संख्यांचं दुसरंच रहस्य जगापुढे ठेवलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचा, आणि माध्यमिक शिक्षण ठाण्यात. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. मुलाने आकडेमोडीची गोडी त्यांच्याकडूनच घेतली. कापरेकरांची रीत अशी: सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, तिचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. पुन्हा १८५३च घेऊ. ८५३१ वजा १३५८ म्हणजे ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येणार. दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचाल.

एकाच १८५३चे हे दोन प्रवास शेजारी ठेवले की भारतीय तत्त्वज्ञानातला एक मोठा वाद डोळ्यांसमोर येतो. बुद्धाच्या काळात आजीवक पंथाचा मक्खली गोशाल सांगे की सुताची गुंडी फेकली की ती संपेपर्यंत उलगडत जाते, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेले फेरे पुरे करून एकाच ठिकाणी संपतात. प्रयत्नाने काही पुढेमागे होत नाही. कापरेकरांचं अंकगणित त्या जगासारखं आहे. कुठूनही निघा, शेवट ठरलेला, आणि ६१७४वर पोचल्यावर तुम्ही कुठून निघाला होतात हेही कळत नाही. फॉन नॉयमन यांच्या रीतीलाही असे भोवरे आहेत. २५०० पासून निघालात तर वर्ग ६२५००००, मधले आकडे पुन्हा २५००. २१०० पासून निघालात तर ४१००, ८१००, ६१०० आणि परत २१००, असा चार घरांचा अखंड फेरा. म्हणूनच ती रीत आज कुणी वापरत नाही. पण या भोवऱ्यांच्या बाहेर, बऱ्याच मोठ्या पट्ट्यात, सुरुवात कुठून केली याला तिथे अर्थ असतो.

गोशालाला उत्तर देणारे पुष्कळ झाले. मराठीतलं सर्वांत कसून दिलेलं उत्तर लोकमान्य टिळकांचं आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक सबंध प्रकरण आहे. फळ द्यायला लागलेलं कर्म भोगल्यावाचून सुटत नाही, हे टिळक मान्य करतात. पण त्यावरून प्रयत्न व्यर्थ ठरतो, हे मात्र ते बिलकूल मान्य करत नाहीत. देह आणि मन कर्माच्या साखळीत असले, तरी ज्ञानाकडे वळण्याचं स्वातंत्र्य आत्म्याला आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

टेस्टिंगचा अनुभव टिळकांच्या बाजूने साक्ष देतो, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे, आणि ते इथे स्पष्टपणे मांडायला हवं. रात्री कोसळलेल्या चाचणीचं सीड नोंदलेलं असेल, तर सकाळी तोच माणूस पुन्हा बोलावता येतो. तेच नाव, तीच २९ फेब्रुवारी, तोच क्रम. वेबसाइट पुन्हा त्याच जागी कोसळते. मग डेव्हलपर दोष शोधून दुरुस्त करतो आणि टेस्टर तेच सीड तिसऱ्यांदा देतो. आलेला माणूस तोच आहे, त्याच्यात काडीचाही फरक नाही. पण या वेळी वेबसाइट उभी राहते. समोर काय येणार ते ठरलेलं होतं. त्याला काय प्रतिसाद मिळणार ते मात्र ठरलेलं नव्हतं. गोशालाच्या युक्तिवादात या दोन गोष्टींची गल्लत आहे. क्रम ठरलेला असल्याने दुरुस्ती अशक्य होते असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात क्रम ठरलेला नसता, तर दुरुस्ती खरी झाली की नाही हे तपासायला काही साधनच उरलं नसतं.

आलेली यदृच्छ माहिती पुन्हा वापरण्याचा दुसरा पदर आणखी रोजचा आहे. पोस्टमन या चाचणीच्या लोकप्रिय साधनात यदृच्छ संख्येसाठी एक तयार खूण लिहायची सोय आहे. नवखा टेस्टर नोंदणीच्या विनंतीत ती खूण घालतो आणि लॉग-इनच्या विनंतीतही तीच घालतो. चाचणी आपटते. कारण खुणेचा प्रत्येक उल्लेख नवी संख्या देतो: नोंदणी झाली एकाची, दार ठोठावलं दुसऱ्यानेच. यावर सरळ उपाय म्हणजे पहिल्यांदा आलेली संख्या एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायची आणि त्या फेरीत सगळीकडे तीच वापरायची. जेमीटर या दुसऱ्या साधनातही यासाठी सोय आहे. उलट तोच ईमेल पुढच्या फेरीत पुन्हा दिला, तर वेबसाइट म्हणते, हा सदस्य आधीच नोंदलेला आहे. आणि नावापुढे नुसते चार यदृच्छ आकडे चिकटवले, तर दहा हजार शक्यता असूनही सुमारे एकशेवीस सदस्यांतच कुणीतरी दोघं सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. म्हणजे एका फेरीपुरती ओळख अखंड हवी आणि दुसऱ्या फेरीत ती नवी हवी. जन्म बदलला की नाव बदलावं, पण एका जन्मात ते एकच असावं, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तंत्र म्हणून पाळावं लागतं.

इथपर्यंत सीडचं गुणगान झालं. पण सीड कुणाला आणि केव्हा कळतं, यावर नीती अवलंबून असते. ठाण्यातल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात म्हाडाच्या कोकण मंडळाच्या घरांची सोडत झालेली आहे. निवडणुकीआधी मतदान यंत्रांची संगणकावर सरमिसळ होते, तीही राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. या ठिकाणी निकाल आधी कुणालाही कळता कामा नये. कळला तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्येच गुपचूप बदल केला होता. वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना, ठरावीक अटी जुळल्या की, आकडे त्याला आधी ओळखता येत. २०१० साली निघालेल्या १ कोटी ६५ लाख डॉलरच्या बक्षिसावरून धागा सापडला आणि २०१७ साली त्याने गुन्हा कबूल केला. २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. सीड सोडतीआधी एकालाच कळलं तर ती लबाडी होते. चाचणीनंतर कुणालाच कळलं नाही तर दोष तसाच अंधारात राहतो. यंत्र तेच, गणितही तेच. एका ठिकाणी गुप्तता हा धर्म आहे, दुसऱ्या ठिकाणी नोंद.

आणखी एक कर्तव्य आहे, त्याची चर्चा फार कमी होते. यदृच्छ माणूस खोटा असला, तरी त्याचा मोबाइल नंबर खरा निघू शकतो. भारतात मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. देशात मोबाइल जोडण्या ११० कोटींहून अधिक आहेत. तेव्हा संगणकाने उचललेल्या दर चार नंबरांपैकी साधारण एक कुणाच्या तरी खिशात वाजतो. मध्यरात्री चालणाऱ्या स्क्रिप्टने त्या नंबरवर ओटीपी पाठवले, तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपलं बँक खातं कुणीतरी उघडू पाहतंय. त्याची झोप जाते, आणि ती कुणामुळे गेली हे त्याला कधीच कळत नाही. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हा पत्ता अशाच कामासाठी १९९९ सालापासून राखून ठेवलेला आहे. तो वापरायला काहीच अडचण नसते. याहून वाईट म्हणजे खऱ्या ग्राहकांची यादी चाचणीसाठी जशीच्या तशी उतरवून घेणं. सोयीपायी हे सर्रास घडतं. त्या माणसांनी आपलं नाव-पत्ता कामासाठी दिलेला असतो, सरावासाठी नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा मुद्दा कायद्याच्या कक्षेत आणला. पण कायदा नसता, तरी दुसऱ्याला न विचारता त्याची ओळख वापरणं अयोग्यच होतं.

म्हणून नौपाड्यात, डोंबिवलीत, कल्याणात किंवा आणखी कुठे बसून अशा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एक विनंती. यदृच्छ माहिती जरूर वापरा, आपल्या सवयीबाहेरची माणसं वेबसाइटवर येऊ द्या. पण प्रत्येक फेरीचं सीड अहवालाच्या पहिल्या ओळीत छापा, चाचणी पास झाली तरीही. मोबाइलवर संदेश पाठवणारी सेवा चाचणीच्या यंत्रावर बंद ठेवा. आणि खऱ्या ग्राहकांची यादी मागितली गेली, तर ती देऊ नका. यदृच्छ नावं तयार करायला दहा मिनिटं लागतात.